टॅबमधली भैरी ताई

हे ॲप मीच निवडलं. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची सोयच नाही. निवड करायला आम्ही पाच शिक्षक होतो, त्यात सगळ्यात मोठ्यानं बोलणारी मी, आणि माझ्या हट्टामुळेच ते आमच्या भागातल्या शाळांत आलं. आता कुणी विचारलं, बाई, पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एआयवालं कुठलं घ्यावं, तर मी तिथून उठून जाते. उद्धट दिसतं. दिसू दे.

गुंजवणी नदीच्या अंगाला, धरणाच्या वर आमची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, चौथीपर्यंतचे वर्ग आणि एकोणीस पोरं. पहिली-दुसरी माझ्याकडे. बहुतेक पोरं भात करणाऱ्या घरांतली. काहींच्या आजोबांची जमीन पाण्याखाली गेली, ती घरं वर सरकून वस्ती करून राहिली. तिथून पोरं पायवाटेनं खाली येतात, दप्तर डोक्यावर, चप्पल हातात. मी स्वतः भोरच्या बाजूची, आंबवड्याजवळच्या एका गावातली. माझ्या घरी कुणी 'नाही' म्हणत नव्हतं. 'न्हाई' म्हणायचे. 'होय' तर मी रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं असेल.

हे सांगते, कारण त्याशिवाय माझा गाढवपणा कळायचा नाही.

डी.एड.ला पुण्याला गेले. पहिलाच सरावपाठ होता, विषय पाणी. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, पानी हे जीवन हाय." मागच्या बाकावरच्या आमच्याच वर्गातल्या मुली खिदळल्या. तपासायला बसलेल्या मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे सहा महिने मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. पाणी, लोणी, कोण, आणि, नाही, आहे. जीभ टाळ्याला घासून घासून घशाशी आली. सहा महिन्यांनी मी बोलायला लागले तेव्हा कुणी हसलं नाही. सुट्टीत घरी गेले तर आईच म्हणाली, "आगं, नीट बोल की. पावन्यावानी काय बोलतीस?" मी तिला हसून उडवून लावलं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच. माझ्या वर्गातल्या पोरांना कुणी हसू नये. बास. त्या एका गोष्टीपायी पुढचं सगळं झालं.

एका संस्थेनं भोर-वेल्ह्यातल्या काही शाळांना टॅब द्यायचे ठरवले. टॅबमध्ये कुठलं ॲप घालायचं ते शिक्षकांनी ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. चांगली गोष्ट होती, आम्हाला कोण कधी विचारतं? दिवाळीनंतर एका शनिवारी नसरापूरला बोलावलं. हायवेजवळच्या एका हॉलमध्ये पंखे, पाण्याच्या बाटल्या, कांदेपोहे असा सगळा थाट. तीन कंपन्यांची तीन पोरं आली होती, इस्त्रीचे शर्ट घालून. पहिल्याच्या ॲपमध्ये एक पोपट होता. उत्तर बरोबर आलं की तो नाचायचा आणि चुकलं तरी नाचायचा. दुसऱ्याचं गणिताचं होतं, तिथं आकडेच इंग्रजीत. मी दोन्हींवर काट मारली. मग तिसरा उभा राहिला.

त्याच्या ॲपमध्ये एक 'ताई' होती. मूल वाचतं, ताई ऐकते. चुकलेला शब्द लाल करते, बरोबर असला की हिरवा. गोड आवाजात सांगते, पुन्हा सांग. कंटाळत नाही, ओरडत नाही, चिडत नाही. एकेका पोराचं वाचन एकट्यानं ऐकायला मला आठवडा लागतो. ही सगळ्यांचं रोज ऐकणार. मला तर वाटलं, देवच पावला.

"बघायचंय का मॅडम करून?" तो म्हणाला.

मी हेडफोन लावला आणि वाचलं. शंभरेक शब्दांचा उतारा असेल. एकही शब्द लाल झाला नाही. ताई म्हणाली, "शाब्बास! तुझे उच्चार अगदी स्पष्ट आहेत."

अहो, काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेहेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि एका टॅबनं पाठ थोपटली म्हणून डोळे पुसत बसले. त्या गच्चीवरच्या सहा महिन्यांचं कुणीतरी पहिल्यांदा बक्षीस दिलं असं वाटलं. मी हेडफोन काढला आणि म्हणाले, "हेच घ्यायचं. दुसरं काही बघूच नका."

आमच्यात भोरचे एक गुरुजी होते, मुसलमान, निवृत्तीला आलेले. त्यांच्याइतकं रसाळ मराठी आमच्याकडे कुणी बोलत नाही. ते इतका वेळ पोहे खात बसले होते. ते म्हणाले, "बाई, वाचलंत तुम्ही. हे वापरणार पोरं. एखादं पोरगं आणून बसवू या का ह्याच्यासमोर? खाली रस्त्यावर आठ-दहा असतील आत्ता. त्यांनाच विचारू."

मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "गुरुजी, चार वाजता माझी एसटी आहे. आणि पोरांना काय कळतंय त्यातलं?"

सगळे हसले. गुरुजीही हसले, बिचारे. कागदावर पाच सह्या झाल्या. पहिली माझी.

आता त्या मुलीबद्दल सांगते. दुसरीतली, सात वर्षांची, वरच्या वस्तीवरची. बाप टेम्पो चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आई शेत आणि दोन म्हशी बघते. मुलगी अशी बोलकी, की तिच्या बोलण्यावरून मला वस्तीतलं सगळं कळायचं. मी तिला आमचं बातमीपत्र म्हणायचे. सकाळी शाळेचं कुलूप काढायच्या आधी सुरू व्हायची. "बाई, काल आमची म्हस आशी तटली, आशी तटली, खुट्टाच उपाटला न्हवं! आन् आई तिच्या मागं, आन् आईच्या मागं म्या, आन् माज्या मागं कुत्रं! पार वड्यापातुर ग्येलो!" आणि हे सांगताना ती स्वतः म्हैस व्हायची, आई व्हायची, कुत्रं व्हायची. मी ओरडायचे, "पुरे गं बये, किती बोलशील, कानाचे पडदे फाटले माझे." ती फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून हसायची आणि दोन मिनिटांत परत सुरू.

वाचायचीसुद्धा. आमच्यात दुसरीला जोडाक्षरांपाशी निम्मी पोरं अडतात. ही घडाघडा वाचायची. फक्त एक गंमत होती. पुस्तकात असायचं, 'आई विहिरीवरून पाणी आणते.' ही वाचायची, "आई हिरीवरनं पानी आन्ती." म्हणजे डोळ्यांनी पुस्तकातलं वाचायची आणि तोंडानं घरचं बोलायची. याचा अर्थ काय? पोरीला वाक्य कळत होतं. समजून वाचते म्हणतात ते हेच. मी बाई आहे पंचवीस वर्षं, मला हे कळायला हवं होतं. मी म्हणायचे, चला, आता टॅब आलेत, एवढं एक वळण लावू.

पहिले आठ दिवस तर जत्रा होती. मोठाले हेडफोन लावून पोरं बसायची, एकमेकांना बघून हसायची. तिच्या टॅबवर चित्र आलं, हंडा आणि त्यात पाणी. ताईनं विचारलं, "हे पाणी आहे का?"

"व्हय," ही म्हणाली.

"मला समजलं नाही. पुन्हा सांग."

"व्हय!"

"मला समजलं नाही. पुन्हा सांग."

"व्ह-य! व्हय, व्हय, व्हय!" ही उभी राहून ओरडली. मग हेडफोन गळ्यात घेऊन माझ्याकडे आली आणि अगदी काळजीनं म्हणाली, "बाई, ही ताई भैरी हाय. तिला आयकाया न्हाई येत. कुनी दवाखान्यात न्या तिला."

आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मी व्हिडिओ काढून शिक्षकांच्या ग्रुपवरसुद्धा टाकला. भोरच्या गुरुजींनी त्यावर हसायचं चिन्ह टाकलं नाही, तेवढं मला दिसलं. म्हटलं, म्हाताऱ्याला राग आलाय अजून.

दुसऱ्या आठवड्यात ती ताईची कीव करायला लागली. कानाशी ओरडतात तसं टॅबच्या बारीक भोकापाशी तोंड नेऊन हळूहळू बोलायची, "व्ह...य. बाय माजी, व्हय." तिसऱ्या आठवड्यात बाकीची पोरं पुढच्या चित्रावर गेली. कुणी तिसरीतल्या बहिणीकडून शिकलं, कुणी माझं बघून 'होय' म्हणायला लागलं. ही हंड्यापाशीच. ॲपचा नियम असा, की तीनदा बरोबर आल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि चुकलं की ताईचा चेहरा रडका होतो. एक दिवस बाजूच्या पोरानं तिला म्हटलं, "ताई काय भैरी न्हाई. आमचं आयकती ना. तूच मुकी हायस."

ती त्याला मारायला धावली नाही. एरवी बदडून काढलं असतं. ती तशीच बसली. मी त्या वेळी हजेरी भरत होते. मान वर करून मी एवढंच म्हणाले, "ए, भांडू नका रे."

मग तो मेसेज गेला. दर शुक्रवारी ॲपच पालकांच्या मोबाईलवर प्रगती कळवायचं, आपोआप. मला त्याची प्रतसुद्धा यायची नाही. तिच्या बापाच्या मोबाईलवर आलं, 'आपल्या पाल्याचा वाचा-विकास अपेक्षेपेक्षा कमी आहे. कृपया लक्ष द्यावे.' बाप टेम्पो घेऊन बाहेर. त्यानं फोनवरून घरी सांगितलं, शाळेतून निरोप आलाय, पोरीची वाचा कमी झालीये म्हणतात.

आता शहरातल्या ज्या कुणी हे वाक्य लिहिलं असेल, त्यांना 'वाचा' म्हणजे काय वाटलं असेल देव जाणे. आमच्याकडे वाचा जाते ती माणसाला झटका येतो तेव्हा, नाहीतर मोठं भ्यायला होतं तेव्हा. वाचा गेली म्हणजे माणूस मुकं झालं. आईनं काय करावं? जे पिढ्यानपिढ्या करतात ते केलं. वेखंडाचं मूळ आणलं, सहाणेवर मधात उगाळलं आणि सकाळ-संध्याकाळ पोरीच्या जिभेला चाटवलं. आमच्यात वर्ष उलटून गेलं तरी बोलत नसलेल्या बाळाला चाटवतात ते. हिला, सात वर्षांच्या बडबड्या पोरीला!

सोमवारी ती शाळेत आली, कुलूप काढताना माझ्याजवळ उभी राहिली, पण बोलली नाही. मी म्हटलं, "काय गं, आज बातम्या नाहीत?" तिनं मान हलवली. मंगळवारीही तेच. बुधवारी खिचडी खाताना तिनं घास थुंकला. मी जवळ घेऊन तोंड उघडायला लावलं, तर जीभ लालबुंद, टोकाला फोड. वेखंड तिखट असतं. "कुणी केलं हे?" तर ती बोलेना. शेवटी तिच्या शेजारच्या पोरीनं सांगितलं, मोबाईलवर शाळेतून निरोप आला म्हणून तिच्या आईनं औषध लावलंय, वाचा यायला.

कपाळ माझं. शाळा सुटल्यावर मी चढून त्यांच्या घरी गेले.

आई अंगणात भात पाखडत होती. मला बघून लगबगीनं उठली, हात पुसले, घोंगडी टाकली. मी बसलेच नाही. मी म्हटलं, "अहो, पोरीला काही झालेलं नाही. ते मशीनचं चुकलंय. तिला तुमचं बोलणं समजत नाही."

"आमचंच चुकतंय बाई," ती म्हणाली. "घरी कोन हाय नीट बोलनारं? आमी आडानी."

"तुमचं काही चुकत नाही."

"मंग मोबाईल कशाला आसं सांगंल?" तिनं सरळ विचारलं. "तुमीच लावलंय न्हवं त्ये? तुमी इचार करूनच लावलं आसंल."

मी मनाशी म्हटलं, इथं आपण हिच्यासारखं बोलू, म्हणजे तिला पटेल. मी म्हणाले, "आवो, माझी आय बी आसंच बोलायची. म्या बी..." आणि थांबले. खोटं वाटत होतं. माझ्या तोंडून ते नाटकातल्यासारखं येत होतं. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण ती खाली बघून ओशाळी हसली. मी तिची थट्टा करतेय असं तिला वाटलं असेल. माझ्या आईची भाषा माझ्याच तोंडात परकी झाली होती, आणि हे मला त्या परक्या अंगणात उभी राहून कळलं. वेखंड बंद करा, एवढं बजावून मी उतरले. उतरताना रडले. मोठ्यानं रडले, रस्त्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक गोड बोलणारा मुलगा होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा अभिप्राय खूप मोलाचा आहे. मुलं जितकं जास्त बोलतील तितकं ॲप शिकत जाईल."

"अरे बाबा, ती बोलायची बंद झालीय, त्याचंच सांगतेय मी."

"हो मॅडम. तिला जास्त बोलायला लावा."

मी फोन ठेवला. आदळलाच. मग म्हटलं, वापरायचंच नाही. चार दिवस टॅब कपाटात. पाचव्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातून फोन, तुमच्या शाळेचा वापर शून्य दिसतोय, ॲप निवडणाऱ्या बाईच वापरत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? मला लाज वाटली. खरं सांगते, पोरीपेक्षा मला तेव्हा त्या लाजेचं जास्त वाटलं. टॅब परत बाहेर आले.

आणि शुक्रवार जवळ येत होता. परत तो मेसेज जाणार, परत ती बाई वेखंड उगाळणार. मग मी एक शहाणपणा केला. मधल्या सुट्टीत मी त्या मुलीच्या नावावर टॅब उघडला आणि तिच्याऐवजी मीच वाचलं. "होय. होय. होय. आई विहिरीवरून पाणी आणते." सगळं हिरवं. पान उलटलं. ताई म्हणाली, "शाब्बास! तुझे उच्चार अगदी स्पष्ट आहेत." असे मी दोन आठवडे सात-आठ धडे तिच्या नावावर वाचले. बापाच्या मोबाईलवर मेसेज गेला, प्रगती उत्तम आहे. आईनं वेखंड फेकून दिलं. मला वाटलं, सुटले बाबा.

ती बघत होती. मला कळलंच नाही. रोज मधल्या सुट्टीत मी टॅब घेऊन बसले, की ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, डबा हातात, आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी समजत होते, तिला खेळायला जायचं नाही म्हणून उभी आहे. ती माझे ओठ बघत होती. भैऱ्या ताईला कुणाचं ऐकू येतं, कसं बोललं की ऐकू येतं, ते शिकत होती.

वर्गात तिचं तोंड बंदच. विचारलं तर मान हलवायची, पाटीवर लिहून दाखवायची. जानेवारी असाच गेला. त्यांच्या एका म्हशीला पारडू झालं, ते मला दुसऱ्याच पोराकडून कळलं. मी तिला म्हटलं, "अगं, पारडू झालं म्हणे! सांग की कसं आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मग तिनं पाटी घेतली आणि लिहिलं, 'काळे आहे.'

काळे आहे. बस, एवढंच. ही पोरगी पारडू होऊन दाखवणारी होती.

मग फेब्रुवारीत एक दिवस ती आपणहून टॅबपाशी जाऊन बसली. हेडफोन लावला आणि वाचायला लागली. मी फळ्यावर लिहीत होते, माझा हात थांबला. मागे वळले तर आधी कळेचना कोण वाचतंय. "आई विहिरीवरून पाणी आणते. बाळ अंगणात खेळत आहे." प्रत्येक शब्द वेगळा, प्रत्येकामागे थांबणं, आवाज वर नाही, खाली नाही. माझा आवाज होता तो. माझा शाळेतला आवाज, गच्चीवरचा. सगळी ओळ हिरवी झाली. ताईनं शाब्बास म्हटलं. पोरगी हसली नाही, पुढच्या पानावर गेली.

महिन्याभरात ती आमच्या शाळेत पहिली आली. संस्थेचे लोक बघायला आले, तिला उभं करून वाचायला लावलं, व्हिडिओ काढला. "दुर्गम भागातली मुलगी, आणि उच्चार बघा!" एक जण म्हणाला. मला फुलांचा गुच्छ दिला. मी घेतला. काय करणार होते? तो व्हिडिओ ग्रुपवर आला. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच भोरच्या गुरुजींचा फोन आला. मला वाटलं, अभिनंदन करतील. ते म्हणाले, "बाई, ही तीच का, दवाखान्यात न्या म्हणणारी?" मी म्हटलं, हो, तीच. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती आता बोलते. गप्प नाही. विचारलं तर उत्तर देते, पूर्ण वाक्यात. "मी आज भाकरी आणली आहे." "मला बरे वाटत आहे." पण आपण होऊन काही सांगत नाही. मी एकदा तिला पोटाशी धरून म्हटलं, "बये, तुझ्या आईसारखं बोल गं माझ्याशी एकदा. तुझ्या म्हशीचं सांग. मी काही लाल करणार नाही." ती अवघडून उभी राहिली. म्हणाली, "ते चुकीचे आहे, बाई."

मी चुकीचं कधी म्हटलं होतं? आठवून बघितलं. तोंडानं कधीच म्हटलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी फक्त एवढंच केलं, की पोरं बोलली की त्यांचंच वाक्य त्यांना नीट करून परत दिलं. प्रेमानं दिलं. तेच त्या ताईनं केलं. मला तीच आवडली, यात नवल काय?

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, तिची आई शाळेत आली. दुपारची वेळ, पोरं गेली होती. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. पदराखाली मुलीची मागच्या वर्षीची वही होती, मागची पानं कोरी असलेली. मी पाणी दिलं. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला, पण प्यायली नाही.

"बाई, एक काम हुतं," ती म्हणाली. "रागाऊ नका."

"बोला ना."

"पोरगी लई हुशार झाली. सगळी म्हन्त्यात. मोबाईलात बी आली." तिनं तांब्या पायरीवर ठेवला. "पर घरी मी काय बोलली की ती म्हन्ती, 'मला समजलं नाही. पुन्हा सांग.' दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, तरी तसंच. थट्टा न्हाई करत बाई, तोंड बारीक करून म्हन्ती. तिला खरंच समजत न्हाई का काय, मला कळंना. मंग मी बोलायचंच सोडलं. हातानं सांगती. ये, जेव, झोप, सगळं हातानंच."

मी म्हटलं, "अहो, तिला सगळं समजतं. तुम्ही बोला. तुम्ही बोलायलाच पाहिजे. तुमच्यावाचून कोण बोलणार तिच्याशी?"

"तेच म्हन्ती मी," ती म्हणाली आणि वही माझ्यासमोर धरली. "म्हनून आली. सातवीपातुर शिकली हाय मी, वाचाया येतं. घरात रोज लागत्यात ती धा-बारा वाक्यं तुमी हितं लिवून द्या, नीट भाषेत. मी पाठ करीन. सुट्टीत पोर म्हशीमागं आसती, तवा करीन."

वही फाडून टाकायला हवी होती. निदान 'नाही' म्हणायला हवं होतं, किंवा 'न्हाई'. पण ती इतक्या आशेनं बघत होती, आणि एवढं चढून-उतरून आली होती, आणि माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काहीच नव्हतं. मी पेन घेतलं. 'जेवायला चल.' 'हात धुतलेस का?' 'दप्तर कुठे आहे?' 'थंडी वाजते का?' 'माझ्याजवळ ये.' असं लिहीत गेले. बारा झाली. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

मग तिनं वही मांडीवर घेतली, ओळीखाली बोट धरलं आणि हळूहळू वाचायला लागली. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यावर आली.

"थंडी वाजती का," ती म्हणाली आणि बरोबर आहे का हे बघायला माझ्याकडे मान वर केली.

"वाजते," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडून गेलं.

तिनं मान डोलावली, परत वहीत बघितलं आणि माझ्यासमोर, अगदी खालच्या आवाजात, तीनदा म्हणून बघितलं.